जाळ्यातले परके मासे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आपल्या नद्या-धरणांत शिरलेल्या परदेशी माशांवर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यावर मासेमारांची, शेततळेवाल्या शेतकऱ्यांची आणि घरी मासे पाळणाऱ्यांची पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: धरणाच्या फुगवट्यात टाकलेल्या जाळ्यात काळपट, अंगावर खरखरीत कवच असलेला, तोंड खालच्या बाजूला असलेला मासा येतो. तंगूस (नायलॉन धाग्याचं जाळं) फाडून ठेवतो. काठावर फेकला तरी तासन्‌तास जिवंत असतो. हा कुठला मासा? खावा का? याचं करायचं काय? (भीमा खोऱ्यातील एक मासेमार)

वर्णनावरून हा सकर मासा आहे. काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून शोभिवंत माशांच्या दुकानात बोटाएवढा असताना विकला जातो तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातला. शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. आपल्या देशात सापडणाऱ्यांत याच्या एकाहून जास्त जाती आणि त्यांचे संकर असल्यामुळे नुसत्या पोटावरच्या नक्षीवरून जात ठरवता येत नाही. टाकीत तो फूट-दीड फुटाचा व्हायला लागला की लोक कंटाळतात आणि नदीत सोडतात. आपल्याकडे तो पसरला आहे तो मुख्यतः असाच.

आधी ओळख पक्की करा, कारण इथे एक चूक हमखास होते. आपल्या ओढ्या-नद्यांतला मळ्या हाही दगडाला चिकटतो, शेवाळ खरवडतो आणि त्याचंही तोंड खालीच असतं. पण मळ्याच्या अंगाला नेहमीसारखे खवले असतात, अंग हाताला गुळगुळीत लागतं आणि तो वीतभराच्या वर सहसा जात नाही. सकरच्या अंगावर खवले नसतातच. हाडाच्या तुकड्यांच्या रांगा असतात आणि शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर कानशीसारखं खरखरतं. पाठीवरचा पर शिडासारखा मोठा उभा राहतो. मळ्या आपला आहे, त्याला पाण्यात परत सोडा.

जाळं फाटतं ते सोडवण्याच्या पद्धतीमुळे. सकरच्या कवचावरचे बारीक काटे मागच्या दिशेला वळलेले असतात आणि छातीच्या परांचे जाड काटे तो बाजूला ताठ करून अडकवून धरतो. शेपटीला धरून मागे ओढलं की प्रत्येक काटा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, रुततो. म्हणून तो डोक्याच्या दिशेनेच पुढे काढायचा. जाड हातमोजे घाला, छातीचे दोन्ही काटे पकडीने मुळाशी मोडा, आणि मग मासा आसातून पुढे ढकला. पूर्ण गुंडाळला गेला असेल तर एक-दोन आस कापून नंतर विणणं परवडतं, ओढाताण केली तर हातभर जाळं जातं.

काठावर फेकून तो मरत नाही, याचं कारण त्याच्या पोटात आहे. तो हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून प्राणवायू शोषून घेतो. अंग ओलं राहिलं तर कित्येक तास तग धरतो. रात्री दव पडलं किंवा पाऊस आला तर उताराने सरकत पुन्हा पाण्यात जातो. तेव्हा पकडलेला सकर डोळ्यांच्या मध्ये जड दांडक्याने जोरात घाव घालून लगेच मारा. कवच जाड असल्याने हलक्या फटक्याने तो फक्त गुंगतो. मग पाण्याच्या रेषेपासून दूर दोन-तीन फुटांच्या खड्ड्यात शेण आणि पालापाचोळ्याच्या थरांत पुरा. चांगलं खत होतं, फक्त हाडाचे तुकडे कुजायला वेळ लागतो.

खाण्याबद्दल: मासा विषारी नाही, त्याच्या मूळ प्रदेशात लोक खातात. पण कवच-डोकं वजा केलं तर मांस फार थोडं उरतं. शिवाय तो तळाचा गाळ खरवडून जगतो. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी उतरणाऱ्या नदीतल्या गाळात जड धातू असतात, ते त्याच्या अंगात साठतात. अशा पाण्यातला सकर खाऊ नये, कोंबड्यांनाही घालू नये.

आता मुख्य मुद्दा, तो नुकसान कसं करतो. सकर शिकारी नाही. त्यामुळे अनेकांना तो निरुपद्रवी वाटतो, आणि हीच समजूत महागात पडते. दगडांवरचा शेवाळाचा पातळ थर हा नदीच्या अन्नाचा पाया असतो. मळ्या, रोहूसारखे लेबिओ गटातले मासे, गोगलगायी, पाणकिड्यांच्या अळ्या सगळे त्यावर जगतात. सकर मोठ्या संख्येने तो थर खरवडून नेतो, आणि त्याच दगडांना चिकटवलेली इतर माशांची अंडीही त्याच्याबरोबर जातात. अन्नातला फॉस्फरस त्याच्या हाडाच्या कवचात अडकून राहतो, म्हणजे पाण्यातलं खत जणू तिजोरीत बंद होतं. तिसरी गोष्ट बिळांची. नर काठाच्या मातीत हातभर ते मीटरभर खोल बीळ खणतो. मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि नर राखण करतो. फ्लोरिडामध्ये कालव्यांचे आणि तलावांचे काठ अशा बिळांनी पोखरून ढासळल्याची नोंद आहे. आपल्याकडे मातीच्या भरावाचे पाझर तलाव आणि कालवे आहेत. पाणी उतरल्यावर काठावर ओळीने मुठीपेक्षा मोठी भोकं दिसली तर ती खेकड्यांची समजून सोडून देऊ नका. आत सळई घालून खोली मोजा, छायाचित्र काढा आणि पाटबंधारे शाखेला कळवा.

पक्ष्यांनाही तो बाधतो. पोर्तो रिकोमध्ये हा मासा गिळताना ताठ झालेले काटे घशात अडकून पाणकोळी (पेलिकन) मेल्याचं नोंदलेलं आहे. मासेमारीचं काय होतं ते मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो धरणात दिसलं. एके काळी तिथे त्या देशातली मोठी गोड्या पाण्यातली मासेमारी होती, बहुतेक चिलापीची, म्हणजे तिलापियाची. सकर शिरल्यावर जाळ्यात मुख्यतः तोच येऊ लागला आणि शेकडो कुटुंबांचा धंदा बसला. चिलापी स्वतः चिवट. तिलाही हा भारी पडला.

कळवायचं कुणाला? जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला. समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत परक्या जातींची नोंद घेता येते. कुशीतून, पोटाकडून आणि उभारलेल्या पाठीच्या पराचं, अशी तीन छायाचित्रं काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख आणि ठिकाण लिहा. एक मासा पिशवीत घालून गोठवून ठेवलात तर ओळख पटवण्याचं काम सोपं होतं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे नमुने ओळखले जातात.

प्रश्न: आमच्या भागात चिलापीवरच मासेमारांचं पोट आहे. तुम्ही तिला नदीची शत्रू म्हणता. मग आम्ही करायचं काय? (धरणग्रस्त गावातील वाचक)

तुमचा राग रास्त आहे. चिलापी मासेमारांनी आणली नाही. तिलापियाची पहिली जात, मोझांबिक तिलापिया, १९५२ मध्ये सरकारी पातळीवरच श्रीलंकेतून भारतात आणली गेली. स्वस्त प्रथिनं मिळतील, हा हेतू होता. काही वर्षांतच तिचे गुण कळले आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदीचा निर्णय झाला, पण तोपर्यंत ती तळ्यांतून निसटली होती. नाईल तिलापिया नंतर आली. आज ज्या धरणात मासा म्हणजे चिलापी अशी स्थिती आहे तिथे ती पकडणं थांबवा, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. उलट जितकी पकडाल तितकी चांगली. आमचा आक्षेप ती नव्या पाण्यात सोडण्याला आहे.

तिचं बळ कशात आहे ते पाहा. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसताच ती पुन्हा तोंडात शिरतात. म्हणून अंडी फार नसूनही बहुतेक जगतात. उबदार पाण्यात दर महिना-दीड महिन्याने नवी वीण होते, आणि दाटी झाली की बोटभर लांबीतच मासा वयात येतो. आपल्या नद्यांतले बहुतेक मासे मात्र वर्षातून एकदाच, पहिल्या पुराबरोबर वर चढतात आणि अंडी घालतात. ती वेळ चुकली की वर्ष गेलं. शिवाय उथळ पाण्यात नर ताटाएवढे खळगे करतो, वनस्पती उपटतो, आणि इतरांची अंडी-पिल्लं खातो. राजस्थानातल्या जयसमंद तलावात तिलापिया आल्यावर कार्प (कटला-रोहूसारख्या) माशांचं सरासरी वजन घटलं आणि महाशीर धोक्यात आला. तमिळनाडूतल्या वैगै आणि अमरावती जलाशयांत तिने कार्पची जागा घेतली.

या फरकातूनच तुमच्या हातातला उपाय निघतो. चढणीचे मासे धरू नका. मृगाच्या पहिल्या पुरात ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावून अंड्यांनी भरलेले मासे धरले की देशी माशांची पुढची पिढीच निघून जाते. चिलापीला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण ती चढत नाही आणि तिची वीण वर्षभर चालू असते. म्हणजे आपण स्वतःच तिच्यासाठी जागा मोकळी करून देतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचे दोन महिने ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवण्याचा ठराव मासेमारांच्या सोसायटीने करावा. चिलापीसाठी मात्र उन्हाळ्यात, पाणी उतरून खळगे उघडे दिसू लागतात तेव्हा, उथळ काठावर जोर लावा. लहान आसाच्या जाळ्याने ती मोठ्या प्रमाणात काढण्याचा मोह होईल, पण त्यात मरळ, वाम, शिंगाळा यांची पिल्लंही मरतात. बारीक आस फक्त जिथे खळगे प्रत्यक्ष दिसतात तिथेच वापरावा, आणि वेगळं निघालेलं पिल्लू तिथल्या तिथे पाण्यात सोडावं.

दुसरी वाट मत्स्यबीजाच्या पिशवीतून येते. कटला-रोहूच्या बोटुकलीत (बोटाएवढ्या पिल्लांत) चिलापीची पिल्लं मिसळून येतात आणि सोसायटी स्वतःच्या हाताने ती सोडते. पिशवी उघडली की दोन-तीनशे पिल्लं पांढऱ्या परातीत थोड्या पाण्यात ओता आणि वरून नव्हे, बाजूने बघा. चिलापीच्या पिल्लाचा पाठीवरचा पर लांबच लांब आणि पुढे काटेरी असतो, त्याच्या मागच्या भागात एक गडद डाग असतो आणि अंगावर उभे पट्टे दिसतात. कार्पच्या पिल्लाचा पर आखूड आणि मऊ असतो. परातीत एक जरी चिलापी दिसली तर सगळी खेप परत करा. निवडून काढू म्हणाल तर हजारोंच्या पिशवीत ते होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. कटला, रोहू, मृगळ हेही गंगेच्या खोऱ्यातले, कृष्णा-भीमेला मूळचे नाहीत. त्यांनी चिलापीसारखा उच्छाद मांडलेला नाही, पण देशातले आहेत म्हणून ते आपोआप निर्धोक ठरत नाहीत.

प्रश्न: मरळ सोडली तर चिलापी आटोक्यात येईल का?

बंद तळ्यात बऱ्यापैकी येते. मरळ चिलापीची पिल्लं मन लावून खाते, त्यामुळे दाटी कमी होऊन उरलेली चिलापी वजनाने वाढते. मात्र मरळ बोटभर असताना सोडली तर तिचाच घास होतो, म्हणून वीतभर झाल्यावर सोडा. ती पावसात तळ्याबाहेर सरकते, काठाला जाळीचं कुंपण लागतं. धरणात याचा उपयोग नाही. तिथे चिलापीच्या विणीचा वेग शिकाऱ्यांच्या भुकेपेक्षा कितीतरी जास्त असतो. पाणमांजरं, पाणकावळे, बगळे चिलापी खातातच. केरळात पेरियारच्या पाणमांजरांच्या खाण्यात ती मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. तरी ती तिथे टिकून आहे.

प्रश्न: बाजारात मिळणारा मांगूर देशी की विदेशी, हे ओळखायचं कसं? विकणारे सगळेच देशी म्हणतात.

वजनापासून सुरुवात करा. अर्धा किलोच्या वरचा देशी मांगूर विरळाच. टोपलीत एकसारखे किलो-किलोचे मासे वळवळत असतील तर ते आफ्रिकन मांगूर, म्हणजे क्लॅरियस गॅरिएपिनस. तो काही महिन्यांत किलोभर होतो आणि पूर्ण वाढला तर दीड मीटरपर्यंत जातो. मग डोकं वरून पाहा. डोक्याच्या कवटीची मागची कड देशी मांगुरात एकाच गोल टोकाची असते. आफ्रिकन मांगुरात ती तीन टोकांची, नागमोडी दिसते. अंगठा फिरवला तर हाताला कळते, ओल्या माशावर डोळ्यांपेक्षा अंगठा भरवशाचा. आफ्रिकनचं डोकं मोठं, चपटं आणि दाणेदार असतं, अंगावर राखाडी-हिरवट ढगांसारखे डाग असतात, आणि डोक्याच्या खालच्या पांढऱ्या बाजूला दोन्हीकडे गडद पट्टा असतो. बोटाएवढ्या पिल्लात हा पट्टा नीट दिसत नाही. देशीचा रंग एकसारखा तपकिरी. नुसता रंग धरून ठरवू नका, गढूळ पाण्यात ठेवलेला कुठलाही मासा फिकटतो. संकरित पिल्लं मधल्याच रूपाची असतात आणि तिथे ही सगळी लक्षणं डळमळतात.

भारतात विदेशी मांगुराच्या पालनावर २००० पासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करण्याचे आदेश दिले आणि त्यानंतर राज्यात तळी उद्ध्वस्त करण्याच्या कारवाया झाल्या. तरी तो मिळतो, कारण कत्तलखान्याचा कचरा घालून अगदी थोड्या, घाण पाण्यातही तो वाढतो. ते पाणी आणि तो कचरा शेवटी ओढ्यातच जातो.

निसटल्यावर तो मासे, बेडूक, खेकडे, साप, पाणपक्ष्यांची पिल्लं, जे तोंडात मावेल ते खातो. दलदलीत, डबक्यात, ओलसर जमिनीवरून सरकत एका पाण्यातून दुसऱ्यात जातो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो शिरल्यावर वन विभागाला तो पकडून काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या उद्यानात हे करावं लागलं. आपला देशी मांगूर, क्लॅरियस मागूर, जागतिक लाल यादीत धोक्यातल्या जातींत आहे, आणि पश्चिम घाटातला दुसुमिएरी मांगूरही कमी होत चालला आहे. आफ्रिकन आणि देशी मांगूर एकाच डबक्यात ठेवले तर कोण उरेल हे सांगायला नको.

पालन चालू असल्याची खात्री असेल तर तळ्याचं ठिकाण जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा. स्वतः जाऊन तळं फोडू नका. फुटलेल्या तळ्यातले मासे ओढ्यात जातात आणि नेमकं टाळायचं तेच घडतं.

प्रश्न: डासांसाठी गावच्या तळ्यात गप्पी मासे सोडायचे आहेत. हरकत आहे का?

आहे. गावात ज्यांना सरसकट गप्पी म्हणतात त्यांत खरे गप्पी आणि गॅम्बुसिया असे दोन वेगळे मासे असतात. दोन्ही परके, दोन्ही जिवंत पिल्लं देणारे. गॅम्बुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला आणि तो जास्त उपद्रवी. बेडकांची पिल्लं, लहान माशांचे पर, चतुरांच्या अळ्या तो कुरतडतो. चतुराची अळी स्वतः डासांच्या अळ्या खाते. म्हणजे एक पहारेकरी मारून दुसरा नेमल्यासारखं होतं, आणि नवा पहारेकरी हाकलता येत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब डासांची. डेंग्यूचा डास तळ्यात अंडी घालत नाही. तो पिंप, कूलर, टायर, कुंडीखालची बशी अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. तळ्यात कितीही मासे सोडले तरी डेंग्यू कमी होणार नाही. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासणं, हा उपाय त्यावर चालतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

जिथून पाणी कधीच बाहेर जात नाही अशा सिमेंटच्या हौदात किंवा पडीक विहिरीत गप्पी ठेवले तर नुकसान मर्यादित राहतं. ओढ्याला जोडलेल्या कुठल्याही पाण्यात नाही. तळ्यात मासेच हवे असतील तर त्याच नदीच्या खोऱ्यातले अॅप्लोकायलस किंवा दंडई असे छोटे मासे बरे. अॅप्लोकायलस ओळखायला सोपा. पाण्याच्या पृष्ठभागालगत स्थिर उभा असतो आणि वरून पाहिलं की डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका दिसतो. बहुतेक तळ्यांत तो आधीच असतो. काठाची वनस्पती पूर्ण खरवडून काढू नये, त्याची अंडी तिथेच असतात.

सह्याद्रीतली देवळांची कुंडं आणि झऱ्यांची उगमस्थानं यांत तर काहीच सोडू नये. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. इतक्या छोट्या पाण्यात राहणाऱ्या जातीसाठी गप्पींची एक पिशवीसुद्धा खूप होते.

प्रश्न: शेततळं रिकामं केलं, वाळवलं, तरी पुढच्या वर्षी चिलापी हजर. ती येते कुठून?

तीन जागा तपासा. पहिली, तळातलं उरलेलं पाणी. कोपऱ्यात किंवा प्लॅस्टिकच्या घडीत बादलीभर पाणी राहिलं तरी पुरतं. मादीला धरलं की ती तोंडातली पिल्लं थुंकते, आणि ती त्याच डबक्यात जगतात. मातीचं तळं भेगा पडेपर्यंत वाळू द्या, साधारण दोन आठवडे. प्लॅस्टिकचं तळं इतकं वाळवता येत नाही, उन्हाने कागद खराब होतो. तिथे घड्यांतलं पाणी फडक्याने टिपून काढा आणि चुन्याच्या निवळीने पुसून घ्या.

दुसरी जागा, येणारं पाणी. ओढ्यातून किंवा कालव्यातून पंपाने पाणी घेत असाल तर पिल्लं त्यातून येतात. पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची निदान दोन मीटर लांब पिशवी बांधा. छोटी पिशवी लगेच गाळाने भरते, दाबाने फाटते, आणि फाटली हे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. पंप चालू असेल त्या प्रत्येक दिवशी पिशवी उलटी करून धुवा.

तिसरी, आधी सांगितलेलं मिसळलेलं मत्स्यबीज.

वाळवणं शक्यच नसेल तर मोहाची पेंड हा जुना, खात्रीचा उपाय आहे. पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. मात्रा प्रत्येक घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम. आधी पाणी जितकं उतरवता येईल तितकं उतरवा, कारण खर्च पाण्यावर ठरतो. तळ २० मीटर बाय २० मीटर आणि पाणी अर्धा मीटर असेल तर ते २०० घनमीटर झालं, म्हणजे ५० किलो पेंड. रात्रभर भिजवा, सकाळी ऊन चढताना सगळीकडे सारखी पसरा आणि तळाचं पाणी ढवळा. काही तासांत मासे वर येऊन तरंगू लागतात, ते जाळ्याने काढून घ्या. विषाचा असर दोन-तीन आठवडे राहतो. तोवर गुरांना ते पाणी पाजू नका आणि थेंबभरही बाहेर सोडू नका. नवं बीज टाकण्याआधी दहा बोटुकल्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून दिवसभर ठेवून पाहा. पेंड कमी पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खोली अंदाजाने धरणं. काठी घेऊन पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. पेंडीने बेडूक, देशी मासे, सगळेच मरतात, म्हणून ती फक्त बंद शेततळ्यातच वापरायची. नदी, ओढा, गावतळं इथे कधीही नाही.

सांडव्याच्या तोंडाशीही दोन जाळ्या हव्यात. बाहेर पालापाचोळा अडवायला बोटभर भोकांची, आत मिलिमीटरभर भोकांची. आतली एकटी लावली तर पहिल्याच मोठ्या पावसात ती पानांनी तुंबते आणि पाणी बांधावरून जातं, माशांसकट.

प्रश्न: घरच्या टाकीतला सकर फूटभर झाला आहे. मारवत नाही. देवळाच्या तळ्यात सोडला तर?

सोडू नका. यामागची माया आम्हाला कळते, पण त्या तळ्यातल्या इतर जिवांचाही विचार करायला हवा. आधी दुकानदाराला विचारा, बरेच जण मोठा सकर परत घेतात. मोठी टाकी असलेला दुसरा पाळणारा शोधा. दोन्ही जमलं नाही तर त्याला वेदना न देता मारणं हाच उरलेला मार्ग.

औषधाच्या दुकानातलं लवंग तेल घ्या. टाकीतलंच पाणी मोजून बादलीत घ्या आणि त्यात मासा ठेवा. झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी आणि तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा, कारण तेल नुसतं ओतलं तर वर तरंगतं आणि माशाला जाळतं. एकूण मात्रा लिटरला ०.४ मिलिलिटर, म्हणजे साधारण आठ थेंब. सुरुवातीला चतुर्थांश घाला, मासा आडवा होऊन हलेनासा झाला की उरलेलं. साध्या माशाला कल्ले थांबल्यानंतर दहा मिनिटं पुरतात. सकर आणि मांगूर हवेवर जगतात, त्यांच्यात फसगत होते: कल्ले थांबलेले दिसतात पण मासा मेलेला नसतो. त्यांना तासभर त्याच पाण्यात ठेवा आणि मग डोक्यामागे धारदार सुरीने मणका तोडा. शुद्धीवर असलेला मासा फ्रीजरमध्ये ठेवू नका, संडासात टाकू नका.

मेलेला मासा कुंडीत किंवा अंगणात खोल पुरा. टाकीचं पाणी, वाळू धुतलेलं पाणी आणि काढून टाकलेल्या पाणवनस्पतीही नाल्यात जाऊ देऊ नका, त्यात अंडी, गोगलगायी आणि रोगजंतू असतात. पाणी झाडांच्या मुळाशी मातीत ओता आणि वनस्पती उन्हात कडक वाळवून मग कचऱ्यात टाका.